कुलपावरचे कुंकू

काही वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, काशीदजवळच्या एका शिलाई कारखान्यात इस्त्रीच्या वायरने पेट घेतला आणि शेडमध्ये धूर कोंडला. पुढचे दार इस्त्रीच्या टेबलांना लागून होते. तोंडाला ओले फडके लावून बायका तिथूनच बाहेर पडल्या. कोणाला इजा झाली नाही. पोलीस खात्यातल्या नोकरीतली बरीच प्रकरणे विसरलो. हे विसरलो नाही.

किरकोळ आग, असे मॅनेजरने पोलीस ठाण्यात कळवले होते. दुपारी एक मासळीवाली पाटी ठाण्याच्या पायरीवर ठेवून आत आली. तिची सून तिथे पर्यटकांसाठी टी-शर्ट शिवत असे.

"साहेब, मागल्या दाराला भायेरून कुलूप घालतात. सून बोलायची न्हाय, काम जाईल म्हणून भिते. मी कोणाला भिऊ? मला काय बांगडे कामावरून काढणार हायत?"

ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. मी स्टेशन डायरीत नोंद घ्यायला लावली आणि महिला हवालदार व दोन पंचांसह कारखाना गाठला. मागचे दार सताड उघडे होते. जबाबात बायकांनी दाराचा विषयच टाळला. कुलूप सिद्ध झाले नाही, तर ते पुन्हा लागणार हे उघड होते. पुढच्या आगीत पुढचे दार मोकळे असेलच असे नव्हते.

मॅनेजरच्या टेबलाखाली एक मोठे कुलूप मिळाले.

"भंगारातलं आहे, साहेब. कित्येक वर्षं वापरात नाही."

हवालदारबाईंनी त्याच्याकडे पाठ करून ते मला दाखवले. कुलपावर ताजे कुंकू होते, कडीत झेंडूची पाकळी अडकलेली. पंचनाम्यात नोंद करून कुलूप जप्त केले.

ठाण्यात मी मॅनेजरला चहा दिला आणि कालच्या पूजेबद्दल विचारले. तो खुलला.

"एकदम साग्रसंगीत! कामाच्या एकेका वस्तूला मी स्वतः कुंकू लावतो. मशीन, कात्री, इस्त्री..."

"कोपऱ्यात बंद पडलेलं मशीन? त्यालाही?"

"त्याला कशाला? भंगाराची कोणी पूजा करतं का, साहेब?"

मी कुलूप टेबलावर ठेवले. त्याने कप बशीत ठेवला.

"बायका सारख्या बाहेर जायच्या," तो म्हणाला. "मालकांनीच लावायला सांगितलं होतं."

हे कळताच बायका पुन्हा जबाब द्यायला आल्या. सर्वांत पुढे मासळीवालीची सून.

"इस्त्रीला पन कुंकू लावलान, तरी तीच पेटली!" ती म्हणाली. हशा थांबेपर्यंत लेखनिकाला पेन खाली ठेवावे लागले.

चौकशीला येणारा माणूस काय लपवायचे ते ठरवून येतो. श्रद्धेने केलेली गोष्ट लपवायचे त्याला सुचत नाही. पुढे मी संशयितांना आधी सणावारांबद्दल विचारू लागलो.

मालक आणि मॅनेजरवर बेकायदा कोंडून ठेवल्याचा गुन्हा दाखल झाला. न्यायालयाने दोघांना शिक्षा केली. कारखाना निरीक्षकांनी मागच्या दाराचा कोयंडा काढायला लावला. दुरुस्तीनंतर कारखाना सुरू झाला, त्या सकाळी सगळ्या बायका कामावर हजर होत्या.