पाचवा फाऊल

गेल्या हिवाळ्यात पनवेलला झालेल्या आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, प्रणीत पाचव्या फाऊलवर बाहेर गेला. बास्केटबॉलमध्ये पाच फाऊल झाले की खेळाडू परत कोर्टवर येत नाही. तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो.

मी त्याचा कोच. आमचं कॉलेज चौलजवळ, कोर्ट सिमेंटचं. प्रणीत पेणच्या खारपट्टीतला, उंची साडेसहा फूट. बास्केटखाली खेळणाऱ्या अशा उंच खेळाडूला बिग मॅन म्हणतात. त्याआधी तो गावच्या कबड्डी संघात कॉर्नरला होता, चढाईला आलेल्याला पकडायला. पाय हलके, पकड पक्की. मला पाय हवे होते. पकड नको होती.

अंगावर येणाऱ्याला धरायचं नाही, हात सरळ वर ठेवून उभं राहायचं, हे त्याला पटेना.

"सर, तो बाजूने जाणार आणि मी काय पाहुण्यासारखा बघू?"

"बघ. पण हात वर ठेवून बघ."

मी त्याच्या दोन्ही मुठींत टेनिसचे चेंडू दिले. मूठ भरलेली असली की धरता येत नाही. मुलं चिडवायची, "लिंबू-चमचा आला रे!" पावसाळा संपेपर्यंत हात वर राहू लागले. बास्केटकडे पाठ करून चेंडू घ्यायचा आणि डाव्या बाजूने वळून शॉट मारायचा, हेही जमू लागलं.

वडिलांचे दोन ट्रक. ते म्हणाले, "युनिव्हर्सिटीच्या टीमात आला तर शिकू दे. न्हाय तर परीक्षेनंतर गाडीवर. ड्रायव्हर मिलत न्हाय, सर."

विद्यापीठाचे निवडकर्ते उपांत्य सामन्याला आले. वडीलही आले, टेम्पोभर गाव घेऊन. पुढच्या बाकावर दामूकाका. प्रणीतला पकड त्यांनीच शिकवली होती.

चौथा क्वार्टर सुरू झाला तेव्हा निवडकर्त्यांनी विचारलं, "त्याचे फाऊल किती?"

"चार."

"तरी आता हात सांभाळतोय. चांगलंय."

शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघाचा गार्ड, चेंडू पुढे आणणारा छोटा खेळाडू, आत घुसला. प्रणीत आडवा उभा राहिला, हात वर. गार्ड त्याच्या बगलेखालून निघाला. दामूकाका बाकावर चढले.

"धर रं! गेला, धर त्याला!"

अख्खा टेम्पो ओरडला. प्रणीतने दोन्ही हातांनी गार्डची कंबर धरली आणि त्याला उचललं. शिट्टी वाजली. गावाच्या टाळ्या त्यानंतरही चालू होत्या.

"बाद झाला ना तो?" दामूकाकांनी मला विचारलं.

"आपला झाला, काका."

फाऊलबद्दल गार्डला मिळालेले दोन्ही फ्री थ्रो आत गेले, दोन गुण. आम्ही एका गुणाने हरलो. निवडकर्ते जाताना म्हणाले, "अजून एक वर्ष द्या त्याला." ते वर्ष माझ्याकडे नव्हतं.

विद्यापीठाच्या संघात त्याची निवड झाली नाही. परीक्षेनंतर तो टेनिसचे दोन्ही चेंडू परत देऊन गेला आणि वडिलांच्या ट्रकवर लागला. गावच्या जत्रेतल्या कबड्डी स्पर्धेत यंदा उत्कृष्ट पकडीचं बक्षीस त्याला मिळालं.