खडखडणारं झाकण

"हे तुमचं मशीन. यानं माझा नवरा गुदमरतोय," असं म्हणून डोरिसबाईंनी खोका काउंटरवर ठेवला. अगदी शांतपणे. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

साल २००६. सनीव्हेलमधली आमची छोटी कंपनी व्हेपोरायझर बनवायची. म्हणजे गांजा न जाळता, नुसता तापवून त्याची वाफ देणारं यंत्र. दचकू नका! कॅलिफोर्नियात डॉक्टरांच्या शिफारशीनं पेशंटला तो घेता यायचा. किमोनंतरची मळमळ कमी होऊन चार घास जायचे. पुण्यात आईला मी 'वाफ घ्यायचं मशीन' एवढंच सांगितलं होतं. ती सगळ्या सोसायटीत सांगत सुटली, आमची मुलगी अमेरिकेत सर्दीचं मशीन बनवते.

डोरिसबाईंचा नवरा फ्रँक, त्याची किमो चालू होती. मशीन वापरायला लागल्यापासून त्याला खोकल्याची ढास लागली होती. मी प्लग लावला. थोड्याच वेळात जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि मी घाईघाईनं प्लग उपटला. हवा तापवणारा हीटर मीच निवडला होता. आधीच आजारी असलेल्या माणसाच्या छातीत मीच विष भरलं की काय?

माझा बॉस रिक वास घेऊनच पांढरा पडला. "शिपमेंट थांबव. सगळी."

तो फोन करून परत आला, तेव्हा मी म्हटलं, "उघडून बघते."

"अजिबात नाही! वकिलाला फोन केलाय. तो म्हणतो, हा पुरावा आहे. एकाही स्क्रूला हात लावायचा नाही."

मग काय बाहेरून आरती ओवाळू? हे अर्थात मनातल्या मनात, मराठीत.

स्टॉकमधलं एक नवं मशीन आणून शेजारी ठेवलं. रंग तोच. स्टिकर तोच. नॉब तोच. आमच्या साच्यात एक बारीकसा दोष होता, त्यामुळे प्रत्येक मशीनच्या बुडाशी ओरखडा यायचा. तोसुद्धा जिथल्या तिथे. तो बघून माझा उरलासुरला धीर गेला. म्हणजे मशीन आमचंच.

झाकणांना स्क्रू नव्हते, म्हणून दोन्हींची झाकणं काढून मी आत वाकून हुंगत होते. डोरिसबाई समोरच्या खुर्चीत बसून बोलत होत्या.

"त्याला नको होतं. मीच म्हटलं, अजून एकदा ओढ, बरं वाटेल. मीच आग्रह केला."

त्यांच्याकडे बघत बघतच मी एक झाकण उचलून त्यांच्या मशीनवर ठेवलं. ते खडखडलं. मी खाली बघितलं. झाकण स्टॉकमधल्या मशीनचं होतं, चुकून उचललेलं. मग त्यांचं झाकण आमच्या मशीनवर लावून बघितलं. दाबलं तरी बसेना!

"रिक! इकडे ये. आधी ये!"

त्याचं असं आहे. गरम प्लास्टिक साच्यात भरलं की थंड होताना ते किंचित आक्रसतं. म्हणून साचा मुद्दाम थोडा मोठा करतात. आता कुणी आमचं तयार मशीनच घेऊन त्याच्यावरून साचा काढला, तर त्यात ओरखड्यासकट सगळं हुबेहूब येणार. पण ते प्लास्टिक पुन्हा आक्रसणार, आणि नकली मशीन असलीपेक्षा जरासं लहान निघणार. डोळ्याला कळणारही नाही. त्याचं झाकणही तेवढंच लहान, त्यामुळे त्यांचं त्यांना छान बसतं.

"नक्की?" रिकनं विचारलं.

"शंभर टक्के. तूच मोजून बघ."

त्यानं मापं घेतली, वकिलाला परत फोन केला. मग वकिलासमोरच मशीन उघडलं. आत कुठलासा भलताच हीटर होता आणि त्याला चिकटलेल्या वायरींवरचं प्लास्टिक करपलेलं. माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच क्षणी असा संताप आला म्हणून सांगू! अरे मेल्यांनो, आजारी माणसं वापरतात रे हे!

डोरिसबाईंनी ते फ्ली मार्केटमधून, म्हणजे तिकडच्या जुन्या बाजारातून घेतलं होतं. "विकणारा किती सभ्य होता," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "आम्ही बनवतो, तरी आम्हीही फसलो. तुम्हाला कसं कळणार होतं?" त्यांना नवं मशीन दिलं आणि फ्रँकला आधी डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं.

दुकानांना आम्ही भगव्या रंगाचं एकेक झाकण पाठवलं. मशीनवर ठेवा, खडखडलं तर विकू नका. बस. एवढाच कारभार. त्यानंतर बरीच नकली मशीनं पकडली गेली.

थोड्या दिवसांनी डोरिसबाईंचा फोन आला. मी तो भीतभीतच उचलला. फ्रँकच्या फुप्फुसांना काही झालं नव्हतं. ढासही थांबली होती. आणि काल त्यानं वाटीभर सूप पिऊन वर कुरकुर केली, मीठ कमी आहे म्हणून.

"तो कुरकुरला!" त्या परत परत सांगत होत्या. इकडे मी फोन धरून हसत होते आणि डोळे पुसत होते.

आता कुणी विचारलं, नकली वस्तू ओळखायची कशी, तर मी सांगते, तिचं झाकण तिला चोख बसणारच, त्यावर जाऊ नका. असलीचं लावून बघा.