एक जूनचे दोन इब्राहिम

"तुमच्या पोटात रक्तस्राव होतोय," इमर्जन्सीतल्या डॉक्टर म्हणाल्या. "ब्लीडिंग अल्सर." म्हणजे जठराच्या अस्तराला पडलेली, रक्त गळणारी जखम. जिना चढताना लागणारी धाप मी वयाच्या नावावर खपवली होती. शौचाला काळं होतंय, हे मात्र कुणाच्याच नावावर खपवता येत नव्हतं, म्हणून मी ते कुणाला सांगितलंच नव्हतं.

काही औषधं चालू आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही. तेवढ्यात माझी बायको सकीना हिने पर्समधून गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. रत्नागिरीहून दुबईला येणारा प्रत्येक जण ती आमच्यासाठी आणतो आणि परत जाताना खजूर नेतो. अशा गोळीला आम्ही औषध म्हणत नाही.

"बहुतेक हिच्यामुळेच झालंय," डॉक्टर म्हणाल्या. "बरं झालं दाखवलीत. आजपासून बंद."

दुसऱ्या दिवशी एंडोस्कोपी ठरली. म्हणजे कॅमेरा लावलेली नळी तोंडावाटे घालून जठर आतून बघायचं. तोवर तोंडात काही घालायचं नाही.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर कारंजं होतं, पियानो होता आणि चौकटीत बसवलेली प्रशस्तिपत्रं होती. लिफ्टमधल्या पोस्टरवर एक हसरं कुटुंब सांगत होतं, 'तुमची सुरक्षितता, आमचं ध्येय. प्रश्न विचारा.' मला खोली मिळाली ती दोघांची, मध्ये पडदा असलेली. पलीकडचा माणूस म्हसळ्याचा निघाला. बर दुबई भागात पाच जणांच्या खोलीत राहणारा ड्रायव्हर, पायाच्या जखमेसाठी दाखल झालेला. मधुमेहामुळे ती भरत नव्हती. बायको-मुलं गावी. त्याचं नाव इब्राहिम हसन.

माझंही तेच. पुढे आडनावं वेगळी आहेत, पण इथे हाक मारताना तिथवर कुणी पोचत नाही.

"जन्मतारीख?" मी गमतीने विचारलं.

"एक जून. तुमची?"

आम्ही दोघं हसलो. आमच्या लहानपणी आईला मुलाचा जन्म आठवायचा तो होड्या किनाऱ्याला ओढल्या त्या सुमाराचा. शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट एक जून लिहून मोकळे व्हायचे. आखातात आलेला आमच्या पिढीतला निम्मा कोकण एकाच दिवशी जन्मलेला आहे. आम्हा दोघांचं सालही एकच होतं.

सकाळी एक सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. केरळची, तरुण, घाईत. ड्यूटी बदलायची वेळ होती.

"इब्राहिम हसन? फर्स्ट जून?"

"येस, येस," म्हणत मी दंड पुढे केला. गणवेशातल्या माणसाला हो म्हणण्याची मला सवय आहे.

"सिस्टर, ये किस चीज का है?" सकीनाने विचारलं.

"इन्सुलिन. नाश्ते के पहले का."

"अगं, त्यांना काम करू दे," मी पुटपुटलो.

"तुम्ही गप्प बसा हो! तुम्हाला कधी झाली शुगर?" मग तिच्याकडे वळून, "सिस्टर, इनको शुगर नहीं है. नाश्ता भी नहीं है."

सिस्टर थांबली. माझ्या मनगटावरच्या पट्टीवरचा फाइल नंबर तिने हातातल्या नंबराशी ताडून पाहिला. तिचा चेहरा उतरला. पडद्यापलीकडून आवाज आला, "माझं इंजेक्शन असणार ते, भाभी."

"सॉरी," ती म्हणाली. "थँक यू, दीदी. बहुत थँक यू." दोन्ही शब्द मनापासूनचे होते. झालेला प्रकार तिने स्वतःच वरिष्ठांना कळवला. थोड्या वेळाने डॉक्टर आल्या. "उपाशीपोटी इन्सुलिन गेलं असतं तर हायपोग्लायसेमिया झाला असता," त्या म्हणाल्या. म्हणजे रक्तातली साखर एकदम खाली जाते, माणूस बेशुद्ध पडतो, जिवावरही बेततं. "नाव, तारीख आम्ही सांगायची नाही, तुम्ही स्वतः सांगायची. आणि शंका आली तर आम्हाला थांबवायचं. आम्हाला राग येत नाही. आला तरी थांबवा."

लिफ्टमधल्या त्या हसऱ्या कुटुंबाने सांगितलं होतं तेही हेच. पण भिंतीवरचं वाक्य वाचून कुणी तोंड उघडत नाही, त्याला सकीना लागते.

एंडोस्कोपीत जखम सापडली, तिथेच क्लिप लावून रक्त थांबवलं. तिसऱ्या दिवशी मला घरी सोडलं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना एवढंच सांगेन: जे घेता ते सगळं सांगा, गुडघ्याची गोळी आणि काढासुद्धा. सुई टोचण्याआधी कुणाची आणि कशासाठी, ते विचारा. जमलं तर सोबत असा माणूस ठेवा, ज्याला भीड कमी आहे.

पण निघताना सकीना पडद्याशी अडली. "भाऊजी, तुमच्याकडून कोण विचारणार?"

"अल्ला आहे, भाभी."

"अल्ला आहेच. तोंडही त्यानेच दिलंय. म्हणा बघू, ये किसका है, किसलिए है?"

तो लाजत म्हणाला. तिने पुन्हा म्हणवून घेतलं, आवाज मोठा होईपर्यंत.

आम्ही दारातून बाहेर पडत होतो, तेवढ्यात ट्रॉली आत गेली. मागून खणखणीत आवाज आला, "भाई, ये चाय किसकी है? शक्कर डाला है क्या?"

ट्रॉलीवाला थबकला. मग कप उचलून परत ठेवल्याचा आवाज आला.