तीनशे ग्रॅम

३ फेब्रुवारी. सोडून गेलेल्या ड्रायव्हरांच्या फायली श्रेडरमध्ये घालायचं काम काढलं. तिसरीच फाइल मामांची निघाली.

मामा माणूस बघून त्याचं वजन सांगायचे. बसच्या पायरीवर पाय पडला की आकडा तयार. मलाही पहिल्याच दिवशी "मॅडम, बहात्तर" म्हणाले. मी रागावले. घरी जाऊन काट्यावर उभी राहिले, तर बहात्तरच. कोल्हापूरकडच्या तालमीत वाढलेला माणूस. दुबईत जबल अलीच्या आमच्या बस कंपनीत बारा वर्षं होते आणि त्यांची ड्युटी मी लावायची.

दुबईत आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरली, तेव्हा मामांच्या वाट्याला एका छोट्या बेटाच्या देशाचा संघ आला. चार खेळाडू, एक मॅनेजर आणि तीस सीटची बस. बाकीचे ड्रायव्हर चिडवायचे, "मामा, तुमचा देश रिक्षात मावला असता." मामा म्हणायचे, "असंल. झेंडा तेवढाच लागतो."

त्या देशाचा एकच पैलवान होता, सत्तावन्न किलो गटातला. कुस्तीच्या दिवशी सकाळी तो आणि मॅनेजर शारजाच्या हॉटेलातून निघाले. वाटेत अल नहदाला ट्रॅफिक ठप्प, त्यात सप्टेंबरचा उकाडा. माझ्या स्क्रीनवर मामांच्या बसचा एसी बंद दिसला. मी फोन लावला.

"एसी बिघडला का?"

"न्हाई, मीच बंद केलाय. पोरगं तीनशे ग्रॅम जादा हाय, घामानं उतरवतोय. आठला वजन हाय त्याचं."

प्रवासी असताना एसी बंद ठेवला की मेमो. मामांचे दोन आधीच झाले होते. तिसऱ्यानंतर कॉन्ट्रॅक्ट वाढत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

"द्या की मेमो. एवढ्या लांबनं आलाय, काट्यावरनंच माघारी धाडायचा व्हय?" आणि फोन चालू ठेवूनच मागे वळून म्हणाले, "हबीबी, जॅकेट मत उतारो."

वजन सत्तावन्नला पन्नास ग्रॅम कमीच भरलं. दुपारी पैलवान पहिल्याच कुस्तीत दीड मिनिटात चितपट झाला. बस सोडायची नाही म्हणून मामांना ते पार्किंगमध्येच कळलं. "लढला तरी," एवढंच म्हणाले.

मेमो मी त्याच संध्याकाळी दिला. मामांनी वाचून सही केली, पेन परत दिलं. दोन महिन्यांनी ते गावी गेले.

तुम्ही म्हणाल, डोळेझाक करायची. बंद बसमध्ये कुणी बेशुद्ध पडलं असतं तर? मेमो बरोबर होता. आजही देईन.

फाइल मात्र बाजूला ठेवली. तीन मेमोवाल्याला परत घेत नाहीत. ४ फेब्रुवारी. सकाळी पुढच्या स्पर्धेसाठी बोलवायच्या ड्रायव्हरांची यादी केली. पहिलं नाव मामांचं. शेऱ्यात लिहिलं: तीन मेमो, तिन्ही मीच दिलेले. तरी हवेत.