लेबल कापलेले शर्ट

नवा शर्ट घरात आला की आमचा दादा आधी कात्री शोधायचा. कॉलरच्या आतलं लेबल मुळापासून कापायचा आणि शिवणीवरून बोट फिरवून बघायचा. एवढासा दोरा राहिला तरी शर्ट खुंटीवरच. "टोचतं," एवढंच कारण. त्याला कुकरची शिट्टी टोचायची, गणपतीतली झांज टोचायची, कुणी प्रेमाने पाठीवर मारलेली थाप टोचायची. मी एकदा चिडून विचारलं, "आम्हीपण टोचतो का रे तुला?" त्याने नीट विचार केला आणि म्हणाला, "तू कमी."

दहिसरला स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत तो पासपोर्ट फोटो काढायचा. लग्नाच्या ऑर्डरी त्याने कधीच घेतल्या नाहीत. म्हणायचा, "लग्नात सगळ्यांना हसायला लावतात. पासपोर्टला माणूस असतो तसा बसतो." समोर गिऱ्हाईक बसलं की याची दोनच वाक्यं, "हसू नका. हलू नका." लोकांना तो शिष्ट वाटायचा. पण फोटो काढायला परत यायचे ते त्याच्याकडेच.

छत्तिसाव्या वर्षी एका डॉक्टरबाईंनी त्याला सांगितलं, याला ऑटिझम म्हणतात, तुमची घडणच अशी आहे. दादा चक्क काजूकतली घेऊन घरी आला. "मी बिघडलेला नाहीये," तो म्हणाला, "बाईंनी सांगितलं." आमचे वडील, अण्णा, यांनी पुडा बाजूला सारला. "आमच्यात असलं काय नाय. आईने लाड केले, दुसरं काय!"

तेव्हापासून दादाच्या डोक्यात एकच प्रश्न बसला, मग मी गेलोय कुणावर? त्याने गॅलरीत पांढरी चादर बांधली आणि पुढे स्टूल ठेवलं. आधी घरातल्या माणसाचा फोटो काढायचा, मग त्याच माणसाचे कपडे घालून तिथेच स्वतःचा, आणि दोन्ही शेजारी शेजारी छापायचे. आईचा गाऊन घालून, तिचा चष्मा लावून तो बसला तेव्हा आई हसून हसून खोकायला लागली. छापून आल्यावर मात्र फोटो चष्म्याजवळ नेऊन बघायला लागली. हनुवटी हुबेहूब तिची होती. माझ्या कुर्त्यातला फोटो बघून त्याने निकाल दिला, "कपाळ तुझं आहे. राग तुझा नाही."

अण्णा मात्र बसेनात. "असली थेरं मला नाय जमायची." दादा रोज सकाळी चहाच्या वेळी त्याच शब्दांत विचारायचा, "अण्णा, आज बसता?" अण्णा पेपर टेबलाच्या कडेशी जुळवत राहायचे, न जुळल्यास परत जुळवायचे, आणि मान वर न करता नाही म्हणायचे. हे दोन वर्षं चाललं.

एक दिवस अण्णा बाहेर गेले होते. दादाने त्यांचा पांढरा शर्ट घालून जोडीतला आपला फोटो काढून घेतला आणि मला जोरात हाक मारली. हात नुसते फडफडत होते त्याचे, खूश झाला की व्हायचं तसं.

"मने, बघ! लेबल नाहीये. कपाटातल्या एकाही शर्टाला नाहीये! अण्णांनी कापलीयत."

मी बघितलं. खरंच नव्हती.

"तू सांग ना त्यांना. माझं ऐकत नाहीत."

"सांगते रे, जरा मूड बघून."

नाही सांगितलं. घरात वाद नको, म्हणून टाळत गेले. मी मूड बघत बसले आणि मागच्या पावसाळ्यात डेंग्यूने दादा चार दिवसांत गेला. एकेचाळिसावं चालू होतं. ही गोष्ट मला आजही सुखाने जेवू देत नाही.

तेराव्याला हार घालायला फोटो शोधायला लागलो, तर काय! अख्ख्या दहिसरचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा धड फोटो नाही. आधार कार्डावरचा ओळखू येत नव्हता. बाकी सगळीकडे गाऊन नाहीतर माझा कुर्ता. शेवटी तो एकच सापडला, अण्णांच्या शर्टातला, शेजारची अर्धी जागा अण्णांसाठी कोरी ठेवलेला.

अण्णांनी तो हातात घेतला. "हा माझा शर्ट."

मग मी सगळं सांगितलं, लेबलांचंसुद्धा. वाटलं, आता ओरडतील. ते उठून आत गेले आणि दादाचा निळा शर्ट घालून बाहेर आले. गॅलरीतली चादर अजून तशीच होती. ते स्टुलावर बसले आणि सवयीने त्यांचा हात कॉलरच्या मागे गेला. तिथे लेबल नव्हतं.

"मलापण टोचायचं गं," अण्णा म्हणाले. "शाळेत असल्यापासून. आमचे बाबा मारायचे, म्हणून कधी कुणाला बोललो नाय."

कॅमेरा मी धरला. हसू नका म्हणायची गरजच नव्हती. हलू नका म्हणायला हवं होतं, पण अण्णांचे खांदे हलत होते आणि माझे हात. फोटो हललेला आला. दादाने असला फोटो गिऱ्हाइकाच्या हातात दिला नसता. त्या कोऱ्या जागी तोच लावलाय.