घरचा माणूस

बारामतीत इंदापूर रस्त्याला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्ट्सचं एक दुकान होतं. तिथं मी काउंटरवर होतो. मालकाला मालक म्हणायची सोय नव्हती, आबा म्हणायचं. कुणी चुकून शेठ म्हटलं तर ते डोळे वटारायचे. "शेठ कोण रं हितं? आपण काय परके हाय का?" सगळ्या दुखण्याचं मूळ तिथंच होतं. मालकाकडं रजा मागता येते, आबाकडं काय मागणार?

मी वरकुट्याचा, इंदापूरच्या एसटीनं रोज ये-जा करणारा. बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो, तेव्हा वडिलांनी आबांपुढं हात जोडून मला तिथं चिकटवलं. पहिल्याच दिवशी आबा गिऱ्हाइकांना म्हणाले, "ह्यो आपला घरचा माणूस." मला मेल्याला आनंद झाला! पुढं कळलं, की घरच्या माणसाला सुट्टी नसते, जेवायची ठरलेली वेळही नसते. आबांच्या आईला दवाखान्यात कोण नेणार? मीच. गिरणीतनं दळण? मीच. इंदापूरची एसटी सुटायची वेळ झाली की यांना नेमकं गोदामातलं काहीतरी आठवायचं. मी नुसतं घड्याळाकडं बघितलं तरी, "काय, सासुरवाडीला जायचंय व्हय?" आणि सगळं दुकान फिदीफिदी हसायचं. तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं.

एकदा एका ट्रॅक्टरवाल्याला मी भलतंच बेअरिंग दिलं. झालं! येईल त्याला आबा सांगायचे, "हे आमचं बी.कॉम. डोळे हाईत, पण दिसत न्हाय." उसाची वाहतूक संपेपर्यंत त्यांना तेवढा एक विषय पुरला. अंगाचा तिळपापड व्हायचा. एसटीत खिडकीशी बसून मी त्यांना काय काय ऐकवायचो, मनातल्या मनात! दुसऱ्या दिवशी दुकानाची पायरी चढलो की दातखीळ बसलेली.

सोडून का दिलं नाही, असं आता माझा मुलगा विचारतो. त्याला काय सांगू? वडील बाजारात भेटले की आबा त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, "पोरगं माझ्यावर सोपवलंय न्हवं? मग निर्धास्त ऱ्हावा." वडील तेवढ्यावर आठवडाभर खूश असायचे.

शेवटी दाढ दुखतेय असं सांगून मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत मुलाखत देऊन आलो. स्टोअरमध्ये जागा होती. सोमवारी सकाळी हजर व्हा, नाहीतर दुसऱ्याला घेतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आईनं देवापुढं साखर ठेवली. वडील मात्र म्हणाले, "आबांच्या तोंडानं 'जा' म्हणवून घे. त्याबिगर सुटायचं न्हाय."

रविवारी संध्याकाळी आबांची दिवाबत्ती झाली. उदबत्ती ओवाळून त्यांनी हात जोडले, तसा मी पुढं झालो.

"आबा, मी जातो."

कंपनीचं पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं. पण आबा गर्रकन वळले.

"दिवेलागणीला जातो म्हणतोस? देवासमोर? ही रीत शिकवली व्हय बापानं?"

गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायला लागली.

"तसं नव्हं आबा, मला उद्यापासनं..."

"आधी येतो म्हण."

काय बुद्धी झाली कुणास ठाऊक. लहानपणापासनं अंगात मुरलेलं, त्यात त्यांचा तो आवाज. मी म्हणालो, "येतो."

"हां, आता कसं! ये. सकाळी लवकर ये, शटर तूच उघड." त्यांनी किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि ते गिऱ्हाइकाशी बोलायला लागले. मी किल्ल्या खिशात घातल्या. मग एसटी चुकेल म्हणून निघालो.

आई दारातच होती. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"ये म्हणाले."

तिचा चेहरा खुलला. "बघ! मोठ्या मनाचा माणूस हाय. उगंच नावं ठेवत हुतास." वडीलही हसले. किल्ल्या वाजू नयेत म्हणून मी खिशात मूठ गच्च आवळून उभा होतो. मला रडू येत होतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

सकाळी आईनं डब्यात शिरा दिला, नव्या नोकरीचा पहिला दिवस म्हणून. बारामतीला उतरलो. एमआयडीसीकडं जाणारी रिक्षा समोरच भरत होती. मी ती भरून जाईपर्यंत बघितली आणि दुकानाचं शटर उघडलं.

दुपारी आबांनी नेहमीसारखा माझ्या डब्यात हात घातला.

"आज गोड कशापायी रं?"

"सहज," मी म्हणालो.