तीन ठोके आणि एक

आधीच सांगून टाकतो, मी या गूढ अनुभवांच्या सदराची टिंगल करणाऱ्यांपैकी आहे. बायको हे अनुभव मोठ्याने वाचते आणि मी जेवता जेवता "हो, आणि मग पैंजण वाजले असतील" असं काहीतरी बोलून तिचा विरस करतो. मुरबे नावाच्या मासेमारीच्या गावात जन्मलो. कुणाला दर्यात दिवा दिसला, कुणाला पाण्यातून हाक आली, हे ऐकतच वाढलो आणि एकावरही कधी विश्वास ठेवला नाही. पुढे नेव्हीत गेलो, तीही नोकरी नेमकी आवाज ऐकायची. कुठलाही आवाज घ्या... त्याला कारण असतं, दिशा असते आणि तो करणारा कुणीतरी असतो. बस्स, एवढंच माझं तत्त्वज्ञान.

हे लिहितोय तेही बायकोने डोकं खाल्लं म्हणून. एकदा लिहून मोकळा होतो.

आमचे बाबा तांडेल होते, म्हणजे बोटीचे मुख्य. घोळ मासा पाण्याखाली आवाज करतो हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे कोण जाणे, पण करतो. झुंड असली की बेडूक घसा खाकरल्यासारखी करकर चालते. ती ऐकायला आमच्याकडे इंजिन बंद करून वल्हं पाण्यात उभं धरतात आणि वरच्या टोकाला कान लावतात. बाबा कान लावून बसले की बोटीत कुणी खोकायचंसुद्धा नाही. मला लहानपणी तेव्हाच नेमकी शिंक यायची आणि मग जो धपाटा बसायचा, विचारू नका.

बाबांची एक बोट आणि काकांची एक. दोघे लांब लांब असायचे, पण वल्ह्यावरच बोलायचे. वल्हं पाण्यात धरून दांड्यावर बोटांच्या पेरांनी ठोकायचं, म्हणजे पलीकडे कान लावून बसलेल्याला ते ऐकू जातं. मोबाईल येण्याआधीचा आमचा वायरलेस म्हणा. प्रत्येक घराचे ठोके वेगळे, नाहीतर भलताच माणूस जाळं उचलून निघायचा. आमच्या घरचा सगळ्यात महत्त्वाचा ठोका म्हणजे तीन आणि एक. तीन ठोके, मग श्वासभर थांबायचं, मग एक. त्याचा अर्थ — धोका हाय, जाळं उचल आणि नीघ. तो आला की का म्हणून विचारायचं नाही.

मला ते श्वासभर थांबणं काही केल्या जमायचं नाही. शेवटचा ठोका मी तिसऱ्याला चिकटवूनच टाकायचो. बाबा वैतागायचे. "काय रे, गाडी चुकतेय तुजी? दम धर जरा!" जितू माझा धाकटा भाऊ, पण त्याला पहिल्याच दिवशी जमलं. त्यावरून मला किती चिडवलंय दोघांनी!

नेव्हीत मी पाणबुड्या शोधणाऱ्या हेलिकॉप्टरवर होतो. एक अख्खं वर्ष आमची तुकडी विमानवाहू जहाजावर होती. जहाज कसलं, गावच ते. वर डेकवर केरोसिनचा वास आणि कान फाटेल असा आवाज, खाली जिने, पाईप आणि रोज राजमा. कोळ्याचं पोर, चहूबाजूंनी समुद्र आणि ताटात राजमा... असं ते वर्ष! त्या वर्षात आमचं काम एकच. जहाजावरून उडायचं, लांब जायचं, पाण्यापासून थोड्याच उंचीवर एका जागी तरंगत राहायचं आणि जाड केबलला बांधलेला सोनारचा, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्राचा, गोळा समुद्रात सोडायचा. मग मी कानाला हेडफोन लावून ऐकायचो. गरज पडली तर गोळ्यातून आवाज सोडायचा... टिंग... आणि तो कशावर आपटून परत येतो का बघायचं.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "म्हंजे सरकारनी तुला वल्ह्यावरच बसवला की!"

माझी एक सवय होती. गोळा पाण्यात गेला की काम सुरू करण्याआधी मी दोन छोटे आणि एक लांब आवाज सोडून बघायचो. टिंग-टिंग-टिंSSग. असं दुसरं कुणी करत नसे. आमचा पायलट पंजाबी, त्याने माझं नावच डोअरबेल ठेवलं होतं. "डोअरबेल, बजा दी घंटी? कोई घर पे है?" असं दर वेळी विचारायचा. भारी माणूस. त्या वर्षी त्याला मुलगी झाली होती आणि त्याने ती अजून पाहिलेली नव्हती. फक्त एक फोटो आला होता, तो उड्डाणाच्या सूटच्या खिशात ठेवायचा आणि सगळ्यांना दाखवून दाखवून बोअर करायचा.

तर त्या दिवशी... सरावाचाच दिवस होता. ऊन चांगलं, समुद्र शांत, किनारा खूप मागे राहिलेला. हेलिकॉप्टरमध्ये आम्ही चौघे. गोळा खाली गेला, मी माझी घंटी वाजवली आणि ऐकत बसलो. नेहमीची खसखस होती, कोळंबीची असते तशी. आणि मग हेडफोनमध्ये आलं —

ठक ठक ठक-ठक.

मी ताठच झालो. लाकडावर पेरांनी ठोकल्याचा आवाज. मी जन्मापासून ऐकलेला. जहाजांचे, देवमाशांचे, इंजिनांचे हजार आवाज मला पाठ होते, पण हा त्यातला नव्हताच. दिशा बघितली तर किनाऱ्याकडची. तिकडे जवळपास एकही बोट नव्हती, रडारवर काही नव्हतं. मी स्वतःलाच म्हटलं, बाबा रे, राजमा चढलाय तुला. तेवढ्यात परत आलं. ठक ठक ठक-ठक. मग लगेच परत. कुणीतरी जिवाच्या आकांताने ठोकत होतं.

सांगितलं ना, तो ठोका आला की आमच्याकडे का म्हणून विचारत नाहीत. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, गोला ऊपर ले रहा हूं. निकलते हैं यहां से."

"क्यों? क्या सुना?"

काय सांगणार? मी म्हटलं, "सर, प्लीज. बाद में डांट लेना." आणि वर ओढायचं बटण दाबलंसुद्धा. हे असं आपल्या मनाने करायचं नसतं. पायलटने एक सणसणीत शिवी हासडली.

गोळा पाण्याबाहेर आला आणि लोंबकळत वर येऊ लागला, तेव्हा दारापाशी असलेला आमचा चौथा माणूस ओरडला. आम्ही खाली पाहिलं. पाण्याखालून एक काळं काहीतरी सरकत येत होतं. आधी वाटलं ढगाची सावली. मग त्यात अडकलेले बोये दिसले, मेलेली कासवं दिसली, ओंडके दिसले. जाळं होतं! कुठल्या तरी मोठ्या ट्रॉलरचं तुटून वाहत आलेलं, मैदानाएवढं जाळं. आमचा गोळा जिथे होता, बरोब्बर तिथून ते गेलं.

गोळा त्यात अडकला असता तर काय झालं असतं, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. केबल कापायची सोय असते, पण झटका आधी बसतो, आणि एवढ्या कमी उंचीवर झटका बसला तर सावरायला जागाच नसते. जहाजावर उतरल्यावर पायलट माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाला, "क्या सुना था, यार?" मी म्हटलं, जाळं घासल्याचा आवाज. तसा तो आलाही होता, मागे कुठेतरी. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष तिकडे नव्हतंच.

मला खात्रीच होती, हे बाबाच. कसं ते देव जाणे, पण बाबाच. बंदराला लागल्यावर पहिला फोन घरी लावला.

"बाबा, तुम्ही घोळीला गेला होता का मागच्या आठवड्यात? वल्ह्यावर ठोकलं होतं का?"

"कसली घोळ नि कसला काय! बोट वर काढलीया, डांबर लावतूय. महिना झाला, पान्यात पाय नाय घातला. का रे?"

मी सगळं सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कसा ठोका आला, वाजव बगू." मी फोनजवळच्या टेबलावर वाजवला, जसा ऐकला होता तसा.

"परत वाजव."

परत वाजवला.

"तो माजा ठोका नाय," बाबा म्हणाले. "माजा नाय, काकाचा नाय, जितूचा नाय. शेवटचा ठोका चिकटवून मारनारा आपल्या घरात येकच हाय." आणि मग, आवाज एकदम उतरलेला, "तू बरा हायस ना रे? खरा सांग."

अंगावर काटा आला माझ्या. भर दुपारी, बंदरातल्या गर्दीत. बाबांनी त्यानंतर हा विषय कधीच काढला नाही. मीही मनाशी ठरवून टाकलं, कानाचा भास. जाळं घासल्याचा आवाज मेंदूने ओळखीच्या ठोक्यात बसवला. शास्त्रीय वाटतं ना? मला पुरलं ते... बरीच वर्षं पुरलं.

पुढे मी रिटायर झालो आणि बोईसरच्या एमआयडीसीत कॉम्प्रेसर दुरुस्तीचं काम धरलं. मुरब्याहून बाईकने जातो-येतो. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. झोपेतच गेले, शांतपणे. बोट आता जितू चालवतो. त्याच्याकडे मासे दाखवणारं मशीन आहे, स्क्रीनवर सगळं दिसतं, वल्ह्याला कान कोण लावतो आता? तरी बाबांचं वल्हं बोटीत होतं. टाकून द्यायचा कुणाला धीर झाला नव्हता.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता, एका रविवारी जितू म्हणाला, "चल दादा, येशील का? निस्ता कंपनीत सडतोस." गेलो. दुपार होती, लख्ख ऊन. मागे लांबवर तारापूरच्या अणुवीज केंद्राची उंच चिमणी दिसत होती. जाळं टाकायच्या आधी जितूने इंजिन बंद केलं आणि मला गंमत म्हणून बाबांचं वल्हं हातात दिलं. "ऐक, तुजा सरकारी कान काय सांगतोय बगू!" खलाशी हसले. मीही हसतच वल्हं पाण्यात उभं केलं आणि कान लावला.

पाण्याची चुळबुळ. बोटीच्या बुडाची कुरकुर. आणि मग, खूप लांबून...

टिंग-टिंग-टिंSSग.

दोन छोटे, एक लांब. माझी घंटी. त्या जातीचा आवाज दुसरा कुणीही सोडू शकतो, मान्य. पण ती वाजवायची पद्धत? आणि त्याच्या मागून, आधी बारीक, मग वाढत वाढत, काहीतरी सरकत येत होतं. दोर घासत होते. बोये एकमेकांवर आपटत होते.

खरं सांगतो, माझा हात उठेना. डोकं म्हणत होतं, मूर्खा, ते सगळं होऊन गेलंय, तू जिवंत आहेस, इथे बसलायस. आणि दुसरीकडून मनात आलं... जिवंत आहेस, तो कुणीतरी ठोकलं म्हणून. कुणी? बाबा तर नाही म्हणाले होते. आता मी ठोकलंच नाही तर? तिकडे चौघे आहेत. एकाच्या खिशात मुलीचा फोटो आहे, आणि ती त्याने अजून पाहिलेली नाही...

मी ठोकलं. ठक ठक ठक-ठक. दम धरायला वेळ कुठे होता! परत ठोकलं. परत. पेरं सोलवटली तरी ठोकत राहिलो, आणि तोंडाने काय बडबडत होतो देव जाणे. जितू सांगतो की मी "उचल, उचल रे, नीघ तिथनं" असं ओरडत होतो.

मग वल्ह्यातून एक घरघर आली. केबल गुंडाळताना होते ना, तशी. ती थांबली. घासण्याचा तो आवाज जवळ आला आणि निघून गेला. मग फक्त पाणी. मी वल्हं तसंच धरून ढसाढसा रडलो. खलाशांसमोर रडलो, लाजही वाटली नाही.

जितू जवळ येऊन बसला. त्याला काही कळलं नव्हतं, पण तो ठोका त्याला कळत होता. हळूच म्हणाला, "दादा... कुनाला सांगत होतास?"

मी म्हटलं, "मला."

त्याने जाळं न टाकताच बोट वळवली. तीन आणि एक झाल्यावर आमच्याकडे टाकत नाहीत.

पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, हे मला परीक्षेत विचारलं होतं. इतकी वर्षं मागे कसा जातो, हे कुठल्या पुस्तकात नाही. मी शोधलंय, अजून शोधतोय. उन्हाने डोकं फिरलं म्हणावं तर पेरांवरचे वण आहेत. जितूचं मशीन तेव्हा चालू होतं, त्याच्या स्क्रीनवर काहीच आलं नाही हेही प्रामाणिकपणे लिहितो. बायको म्हणते, बाबांनीच तुझ्या हाती वल्हं दिलं. मला तेही पटत नाही. पण आता जेवताना मी तिची टिंगल करत नाही.

वल्हं बोटीतच आहे. जितूने त्याला नवं तेल लावलंय, आणि निघण्याआधी ते ठेवलंय ना हे तो आता स्वतः बघतो.

आमच्या पायलटचा दिवाळीला मेसेज येतो. या वेळी मुलीचा फोटो होता, स्कूटी शिकतेय, हेल्मेट तिरकं, बाप मागे धावतोय. खाली लिहिलं होतं, "डोअरबेल, उस दिन क्या सुना था, आज तो बता दे." दोनदा उत्तर लिहिलं आणि दोन्ही वेळा पुसलं. शेवटी नुसतं लिहिलं, "सर, बेटी बहुत अच्छी लग रही है."